भर पावसातल्या बंदुका

डोंबिवली पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी दर रविवारी दुपारी मोडी लिपीचा वर्ग घेतो. रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यानंतरचा सगळा वेळ इतिहासाला दिला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. हे आधीच सांगतो, कारण पदवी नसलेल्या माणसाला आपलं म्हणणं जरा जास्त ठासून मांडायची सवय लागते, आणि पुढे जे घडलं त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

वर्गाला येणारे बहुतेक माझ्याच वयाचे. घरात आजोबांची कागदपत्रं सापडली म्हणून येतात, चार रविवार बसतात आणि अक्षरं एकमेकांत गुंतायला लागली की यायचे थांबतात. ती मात्र थांबली नाही. ठाकुर्लीची मुलगी, पंचविशी ओलांडलेली, उपयोजित कला शिकलेली. घरचे तिथले पूर्वापार रहिवासी. आजोबांच्या काळात भातशेती आणि खाडीकडे मिठागर, आता शेतांच्या जागी इमारती. तिच्या घरात तिच्याआधी कुणी जुने कागद वाचायच्या फंदात पडलं नव्हतं. दोन वर्षं तिने एकही रविवार चुकवला नाही. तिचं मोडी अक्षर सुरेख होतं, फक्त ‘ळ’ काढताना शेवटी उगाच एक शेपूट फिरवायची. मी लाल पेनाने ते शेपूट खोडायचो. ती ‘सॉरी सर’ म्हणायची आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच.

लिपी शिकवता शिकवता मी इतर गोष्टीही सांगायचो. किल्ल्यांची बांधणी, हत्यारं, मोहिमा. एकदा तोड्याच्या बंदुकीचा विषय निघाला. तोडा म्हणजे सुताची जाड वात. ती सतत धुमसत ठेवायची, चाप ओढला की तिचं टोक बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी ठेवलेल्या दारूवर टेकतं आणि बार उडतो. मी सुती दोरीचा तुकडा पेटवून दाखवला. मग बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडलं. दोरी विझली. ‘झाली बंदुकीची काठी,’ मी म्हणालो. सगळे हसले. खालून ग्रंथपाल धुराचा वास आला म्हणून वर आले. तिने वहीत त्या दोरीचं चित्र काढलं होतं, हे मला आठवतं.

अशीच एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली. हातात जाडजूड फाईल होती.

‘सर, काम मिळालंय. वेढ्यावरचा मोठा सिनेमा आहे. कलाविभागात संशोधन बघायला घेतलंय मला.’

‘त्यांनी तुला कसं शोधलं?’

‘माझी चित्रं बघितली त्यांनी इंटरनेटवर. मोडी येतं म्हटल्यावर लगेच बोलावलं.’

मला आनंद व्हायला हवा होता. तोंडाने मी ‘वा, छान’ म्हणालोही. पण आत काहीतरी टोचलं. पंचवीस वर्षं मी गडकिल्ले फिरतोय, दप्तरखान्यात बसून डोळे घालवलेत, आणि सिनेमावाल्यांना सापडली ती माझी विद्यार्थिनी. माझ्याकडे आले असते तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. पण त्यांनी यायला हवं होतं.

बायकोने तिला पोहे दिले. खाता खाता ती फाईल उघडून दाखवायला लागली. ‘सगळी पटकथा नाही वाचलीत तरी चालेल, सर. जिथे मला शंका आहे तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. तेवढीच पानं बघा. शुक्रवारी दिग्दर्शकांबरोबर बैठक आहे. मी सांगितलं तर म्हणतात, तू नवीन आहेस. तुमचं मत असलं तर ऐकतील.’

‘ठेव. बघतो.’

ती गेल्यावर फाईल मी माझ्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना ती कपाटावर गेली. वेळ नव्हता असं नाही. त्या आठवड्यात मी दोन दुपारी नुसत्या झोपून काढल्या. ती फाईल दिसली की ते टोचणं परत सुरू व्हायचं, म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं. खरं कारण एवढंच आहे.

शुक्रवारी नौपाड्यात नात्यातलं एक लग्न होतं. आम्ही जेवायला बसलो आणि तिचा मेसेज आला. ‘सर, बघितलंत का? चार वाजता बैठक आहे.’ उजवा हात भाताने भरलेला होता. डाव्या हाताच्या अंगठ्याने मी लिहिलं, ‘सगळं वाचलं. उत्तम आहे. पुढे जा.’ लगेच तिचं उत्तर आलं. दोन जोडलेले हात, आणि खाली ‘थँक यू सर’. मी फोन खिशात टाकला आणि वाढप्याला मठ्ठा मागितला.

त्यानंतर तिचं वर्गाला येणं कमी झालं, मग बंद झालं. चित्रीकरणासाठी बाहेरगावी असते असं कळायचं. दीड वर्ष असंच गेलं.

सिनेमा लागला तेव्हा माझ्याबरोबर किल्ले हिंडणारे चौघे मित्र आणि मी माजिवड्याकडच्या एका मॉलमध्ये पहिल्याच दिवशी दुपारचा खेळ बघायला गेलो. सिनेमा वाईट नव्हता. माणसं मरतात तेव्हा खरोखर मेल्यासारखी वाटत होती, आणि वेढ्यातली उपासमार दाखवताना दिग्दर्शकाने घाई केली नव्हती. पण आम्ही चुका शोधायला गेलो होतो, आणि त्या सापडत गेल्या. डोंगरी किल्ल्याचा दरवाजा मैदानाकडे तोंड करून समोरच उभा. आपल्याकडे असा दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला असतो, समोरून दिसतसुद्धा नाही. गडाच्या अरुंद चढणीवर हत्तींची रांग. आणि मग शेवटचा हल्ला. धो धो पाऊस, वीज, चिखल, आणि त्या पावसात सैनिक तोड्याच्या बंदुका झाडतायत. एकामागून एक बार उडतोय. माझ्या शेजारचा मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘अरे, हे तर तू दोरी विझवून दाखवतोस तेच.’

थिएटरात मला तिची आठवण झाली नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मध्यंतरात मित्र पॉपकॉर्न आणायला गेले तेव्हा मी खुर्चीत एकटा होतो आणि मला ती, ती फाईल, त्या पिवळ्या चिठ्ठ्या, सगळं आठवलं. मग मी स्वतःशी म्हणालो, ती कुठल्या तरी वेढ्यावरचा सिनेमा म्हणाली होती, हाच कशावरून? मित्र परत आले, आणि मी तो विचार तिथेच सोडला.

घरी येऊन मी फेसबुकवर लिहायला बसलो. लिहिताना मजा आली, हेही कबूल करतो. दरवाजाबद्दल लिहिलं, हत्तींबद्दल लिहिलं आणि शेवटी बंदुकांवर आलो. तिथे मी एक वाक्य लिहिलं. ‘ज्या कुणी या चित्रपटाचं संशोधन केलं आहे, त्याला तोडा म्हणजे पायात घालायचा दागिना वाटला असावा.’ वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली नाही. पण ती माझ्या विनोदांना फारशी हसतच नाही.

सकाळी उठलो तर फोन थांबायचं नाव घेत नव्हता. लोकांनी ते वाक्य उचललं होतं. त्याची चित्रं झाली होती. बंदुकीला पैंजण बांधलेली, सैनिकांच्या पायांत तोडे घातलेली. एका मराठी वाहिनीवरून फोन आला आणि संध्याकाळी मी घरच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून कॅमेऱ्याशी बोललो. निवेदिकेने विचारलं, ‘इतक्या मोठ्या चित्रपटात एवढी साधी चूक कशी होते?’ मी म्हणालो, ‘अभ्यास करायचा आळस. दुसरं काय.’ इमारतीतले लोक लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे बघून हसायचे. जे कधी बोलले नव्हते तेही बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. ‘सर, ती आपलीच मुलगी आहे ना हो? लोकांनी तिचं नाव शोधून काढलंय. फार वाईट लिहितायत तिला.’

मी बघितलं. तिच्या पानावर, तिच्या जुन्या चित्रांखाली लोकांनी तोड्यांची, पैंजणांची चित्रं टाकली होती. संशोधन करणारी बाई आहे असं कळल्यावर माझ्या वाक्याला वेगळीच धार आली होती. ‘हिला दागिनेच कळणार’ असं एकाने लिहिलं होतं आणि शेकडो लोकांना ते आवडलं होतं. मी ‘त्याला’ लिहिलं होतं, ‘तिला’ नव्हे, हे मी त्या क्षणी मनाशी धरून बसलो, जणू त्यात काही सुटका होती.

फोनवर त्या बाईंना मी म्हणालो, ‘काय करणार. एकदा मला विचारायला हवं होतं तिने.’

बायको शेजारीच भाजी निवडत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘अहो, विचारायला आलेली ना ती? फाईल घेऊन? मी पोहे केलेले.’

‘ती फाईल याच सिनेमाची होती की नाही, कोण जाणे.’

‘मग तुम्ही वाचलेली ना?’

‘हो,’ मी म्हणालो.

दुपारी बायको बाहेर गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि कपाटावरून फाईल काढली. वर धूळ बसली होती. पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या, ती ठेवून गेली तशाच.

प्रत्येक चिठ्ठीच्या पानावर समासात तिने पेन्सिलीने टिपण लिहिलं होतं, मोडीत. पहिल्याच टिपणात कारणही होतं. फाईल युनिटमधल्या लोकांच्या हातात जाते, आपण दिग्दर्शकांच्या चुका काढतो असं त्यांना वाटू नये, म्हणून मोडीत लिहिते आहे, तुम्हाला वाचायला अडचण नाही. दरवाजाच्या प्रसंगाशी लिहिलं होतं: ‘दरवाजा असा समोर नसतो, दोन बुरुजांच्या आड असतो. सेट अजून उभा राहिलेला नाही, बदलता येईल. सांगू का?’ हत्तींशी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. आणि शेवटच्या हल्ल्याच्या पानावर, बाकीच्या टिपणांपेक्षा लांब: ‘सर, तोडा भिजेल ना? तुम्ही वर्गात दाखवलं होतं. ते म्हणतात पाऊस हवाच. मग बंदुका काढून नुसत्या भाल्या-तलवारींवर प्रसंग करावा असं मला वाटतं, तो जास्त चांगलाही होईल. बरोबर आहे का? हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी पुरे.’

जगाला हसवणारी माझी सगळी टीका त्या फाईलमध्ये आधीच होती, माझ्याच विद्यार्थिनीच्या हातची. तिने मला दीड वर्षापूर्वी विचारलं होतं आणि मी मठ्ठा मागता मागता ‘उत्तम’ म्हणालो होतो.

मी फाईल परत कपाटावर ठेवली. स्टूल जागेवर ठेवलं. हात धुतले. आणि पुढचे पंधरा दिवस मी काहीही केलं नाही.

काही केलं नाही म्हणजे रोज काहीतरी करायचं ठरवलं. सकाळी फिरायला गेलो की मनात तिला फोन करायचो, तिची माफी मागायचो, ती ‘असू दे सर’ म्हणायची. घरी आलो की फोन हातात घेऊन ठेवून द्यायचो. तिच्या मेसेजखालचं माझं उत्तर अजून फोनमध्ये होतं. मी ते खोडलं. तिच्याकडे ते असणारच हे माहीत असूनही खोडलं.

त्याच दिवसांत नौपाड्यातल्या एका सभागृहात ‘इतिहास आणि सिनेमा’ असं माझं व्याख्यान ठेवलं गेलं. माझ्या त्या लेखामुळेच ठेवलं होतं. मी ठरवलं, इथे सांगायचं. सगळ्यांसमोर. रिक्षात बसल्या बसल्या मी वाक्यंही जुळवली होती. सभागृह भरलेलं होतं, काही लोक मागे उभे होते. माझी ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी ते तोड्याचं वाक्य म्हणून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. मी बोलायला उभा राहिलो, आणि जुळवलेली वाक्यं आली नाहीत. नेहमीचंच बोललो. उलट ते वाक्य मी स्वतः आणखी एकदा म्हटलं, कारण लोक त्याची वाट बघतायत हे दिसत होतं.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, ‘त्यांनी तुमच्यासारख्या कुणाला विचारलं नाही का?’

‘विचारलं असतं तर सांगितलं असतं,’ मी म्हणालो.

हे वाक्य बोलायची गरज नव्हती. ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. आजवर मी जे खोटं बोललो त्यातलं सगळ्यात सहज तोंडून निघालेलं तेच. त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. घरी आल्यावर शाल पिशवीतून बाहेर काढवेना. बायकोने दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लग्नातला मेसेज, चिठ्ठ्या, व्याख्यान. ती म्हणाली, ‘मला का सांगताय? तिच्याकडे जा.’

लगेच नाही गेलो. त्याआधी एकट्याने तो सिनेमा पुन्हा बघितला. मॉलमधून तो तोवर उतरला होता, कल्याणला एका जुन्या थिएटरात दुपारचा एक खेळ उरला होता. आत पंधरावीस माणसं होती. या वेळी मी चुका शोधत नव्हतो, तिचा हात शोधत होतो, आणि तो जागोजाग दिसत होता. घोड्यांची खोगिरं बरोबर होती. दळण दळणाऱ्या बायकांच्या जात्याला खुंटा योग्य ठिकाणी होता. शिपायांच्या अंगावर दारूची शिंगं जशी अडकवायला हवीत तशी होती. धान्य संपल्यावर कोठारात पोती झटकतात तो प्रसंग तर मी पहिल्या वेळी बघितलाच नव्हता, बहुतेक मित्राशी बोलत असेन. त्यातली पोती आजच्यासारखी तागाची नव्हती, त्या काळी असत तशा शेळीच्या केसांपासून विणलेल्या गोण्या होत्या. हे कुणाला कळणार होतं? मला कळायला हवं होतं.

आणि मधेच एक पत्र लिहिलं जातं. पडद्यावर फक्त हात दिसतो, बोरू आणि कागद. आधी शिरोरेघ ओढली जाते, मग तिच्याखाली न थांबता अक्षरं उतरतात. खोटी वेलबुट्टी नाही, खरी, वाचता येणारी मोडी. दुसऱ्या ओळीत ‘ळ’ आला आणि त्याला शेपूट होतं. तो तिचाच हात होता. बांगड्या काढून, बाही ओढून, कारकुनाचा हात म्हणून तिने स्वतः लिहिलं होतं. माझ्या एवढ्या लांब लेखात या पत्राबद्दल एक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाकुर्लीला गेलो. फाईल बरोबर घेतली होती. दार तिच्या आईने उघडलं. मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं.

‘पूर्वी आमचे पोरीचे तोंडात सदा तुमचाच नाव असायचा, सर,’ ती म्हणाली. ‘आताशी नाय घेत.’ त्यात टोमणा नव्हता. ती नुसतं सांगत होती. मग मुलीला हाक मारून आत निघून गेली.

ती आली आणि समोर बसली. वाळली होती. तिने फाईलकडे बघितलं.

‘मी वाचली,’ मी म्हणालो.

‘कधी?’

‘सिनेमा आल्यावर. तेव्हा वाचली नव्हती. मी खोटं कळवलं होतं.’

‘मला माहीत आहे, सर.’

‘कधीपासून?’

‘त्याच दिवसापासून. मी हो किंवा नाही विचारलेलं. त्याला उत्तम हे उत्तर कसं होईल?’

मी मान खाली घातली. ती पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. ‘बैठक चारला होती. मी त्यांना सांगितलं, एका जाणकारांना दाखवलंय, त्यांची हरकत नाही. तुम्हाला परत फोन करायला हवा होता मी. केला नाही. मला वाईट वाटलेलं. वाटलं, सरांना नाही पडलेली तर मी कशाला भांडू. तेवढं माझंही चुकलं.’

‘तुझं काही चुकलं नाही.’

‘चुकलं, सर. ते माझं काम होतं.’

मग तिने पुढचं सांगितलं. माझा लेख गाजल्यावर दिग्दर्शकाच्या ऑफिसातून तिला बोलावलं. कुणाला दाखवलं होतंस, नाव सांग, म्हणाले. माझा मेसेज तिच्या फोनमध्ये होता. तिने फोन हातात घेतलाही.

‘मग?’

‘मग म्हटलं, कुणालाच दाखवलं नव्हतं. तेव्हा खोटं सांगितलेलं.’

‘असं का केलंस?’

‘तुम्ही टीव्हीवर बोलत होता ते त्यांच्या ऑफिसात चालू होतं, सर. त्यांच्यासमोर तुमचा मेसेज काढायची लाज वाटली. तुमची वाटली की माझी, ते मला अजून कळलं नाही.’ मग ती म्हणाली, ‘आणि मला वाटलेलं, तुम्ही सांगाल. एकदोन दिवसांत आठवेल आणि तुम्हीच सांगाल. मी रोज तुमचं पान उघडून बघायचे.’

पुढच्या सिनेमासाठी तिचं नाव ठरलं होतं, ते काढलं गेलं. हे तिने मला सांगितलं नाही. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या आईकडून कळलं.

त्याआधी आत तिच्यासमोर बसलो असतानाच मी म्हणालो, ‘मी सगळं लिहितो. जाहीर.’

खरं सांगायचं तर माझी अपेक्षा होती की ती नको म्हणेल. कशाला सर, झालं गेलं, असं काहीतरी. ती म्हणाली, ‘लिहा. पण माझं नाव नको, लोक परत शोधत येतील. आणि मी किती मोठ्या मनाची वगैरे लिहू नका. मी नाहीये. मला खूप राग आलाय.’

मी माफी मागितली. तिने मान हलवली, ती कशासाठी ते मला समजलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. फाईल तिने ठेवून घेतली.

त्याच दुपारी लिहिलं. विनोद नाही, अलंकार नाही, जे झालं ते. चुका दाखवणारीने त्या आधीच दाखवल्या होत्या, मी न वाचता होकार दिला आणि मग त्याच चुकांवरून तिची टिंगल केली, असं. सिनेमाच्या कंपनीलाही पत्र पाठवलं, मी खोडलेल्या मेसेजचा मजकूर त्यात जसाच्या तसा लिहून. लेख फार कुणी वाचला नाही. पहिला जितका पसरला होता त्याच्या पासंगालाही हा पुरला नाही. वाहिनीवरून फोन आला नाही. मी स्वतः फोन केला, तर म्हणाले, तो विषय आता संपला. काहींनी मला शिव्या दिल्या, त्या बऱ्या वाटल्या. पण बऱ्याच जणांनी ‘चूक मान्य करायला मोठं मन लागतं’ असं लिहिलं, आणि ते वाचताना मला कुठे लपावं असं झालं. ज्या गोष्टीवरून तिला झोडपलं गेलं त्याच गोष्टीवर मी पुन्हा कौतुक मिळवून बसलो होतो. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं, सभ्य होतं. कळवल्याबद्दल आभारी आहोत. तोवर तिच्या जागी दुसरं माणूस घेतलं होतं.

रविवारी वर्गातही सांगितलं. दोघंजण पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत. त्या फोन करणाऱ्या शिक्षिका अजून येतात. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘म्हणजे ती आता येणार नाही?’ मी म्हणालो, ‘नाही.’

हल्ली ती ठाण्यात एका डिझाइनच्या ऑफिसात काम करते, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. बायकोला एकदा बाजारात भेटली होती, तिने सांगितलं. एका संग्रहालयाचं काम मिळतंय, त्यासाठी पुण्यातल्या कुणा अभ्यासकांना शंका विचारते, असंही म्हणाली म्हणे. बायकोने हे मला चहा देताना सांगितलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी चहा प्यायलो. योग्यच करते आहे ती, असं मला वाटलं, आणि ते वाटत असतानाही आत दुखलं.

वर्गाला होती तेव्हा दर दिवाळीला ती पोस्टकार्डावर मोडीत दोन ओळी लिहून पाठवायची, खास माझ्यासाठी, आणि मी त्यातली चूक काढून तिला फोन करायचो. गेल्या दिवाळीत तिचा मेसेज आला. पणतीचं तयार चित्र, खाली ‘शुभ दीपावली’, सगळ्यांना एकदम पाठवतात तसं. मी ‘तुलाही शुभेच्छा’ लिहिलं. आणखी काही लिहावं म्हणून फोन बराच वेळ हातात धरून होतो. मग तेवढंच पाठवलं.